धातूचा हिशोब : नाण्यावरची टाकसाळीची चूक कशी ओळखावी

वाईत आमची पिठाची गिरणी आहे. दळणाचे पैसे आता निम्मे लोक मोबाईलवरून देतात, पण जुन्या बायका अजून कमरेच्या बटव्यातून सुटे मोजून देतात आणि आठवड्याला तुपाचा एक जुना डबा नाण्यांनी भरतो. रविवारी दुपारी गिरणी बंद असते तेव्हा मी तो वर्तमानपत्रावर ओतते. अकरा वर्षं हे चाललंय. एवढ्या काळात टाकसाळीतूनच चुकून निघाली असं छातीठोक म्हणता येईल अशी पंधरा नाणी मिळाली. त्यांतली डबल डायची, म्हणजे ठशातच नक्षी दोनदा उठल्यामुळे अक्षरं दुहेरी आलेली, दोन, आणि तीही दोन्ही एकाच ठशाची.

हा आकडा आधीच सांगून टाकते. भाचा मला जे व्हिडिओ दाखवतो त्यांत दर दोन मिनिटांनी कोणाला तरी दुहेरी नाणं सापडतं आणि त्याचे लाखो रुपये होतात. 'वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं विका' या जाहिराती त्याच जातीच्या. आधी नोंदणीची फी मागतात, मग कर मागतात, मग फोन उचलत नाहीत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी बँकेचं नाव सांगून शुल्क, कमिशन मागणारे भामटे फिरतायत आणि बँक असल्या व्यवहारात नसते. पैशासाठी यात पडणार असाल तर गिरणी टाका, जास्त सुटतील.

नाणं जन्मतं कसं

नवशिक्याने नाणं हातात घेतलं की एकच प्रश्न विचारायचा: धातू कुठे गेला? गिरणीत पाच किलो गहू आला तर पीठ पाच किलोच्या आसपास परत गेलं पाहिजे. पाव किलो कमी भरलं तर ते जात्यात अडकलं, उडालं की कोणी काढलं, हे मला सांगता आलं पाहिजे. नाण्याचंही तसंच. जास्तीचा धातू दिसतोय तर आला कुठून, कमी दिसतोय तर गेला कुठे. हिशोब लागला की चूक टाकसाळीची की रस्त्यावरची, ते बहुतेक वेळा आपोआप कळतं.

टाकसाळीत धातूची लांब पट्टी येते. पोळीतून वाटीने पुऱ्या कापाव्यात तशा तिच्यातून गोल चकत्या कापतात. चकतीची कड यंत्रात दाबून जराशी उचलतात, तोच पुढे नाण्याचा काठ. मग ती कोरी चकती दोन पोलादी ठशांच्या मध्ये येते, एक छाप्याचा, एक काट्याचा. या छंदातले सगळे ठशाला डायच म्हणतात, मीही तेच म्हणते. चकतीभोवती कॉलर नावाचं पोलादी कडं असतं, धातू बाहेर पसरू नये म्हणून. वरून दणका बसतो आणि नाणं तयार.

डायवर सगळं उलटं आणि खोल असतं, मोदकाच्या साच्यासारखं. म्हणून नाण्यावर ते सुलटं आणि उठावाचं येतं. डायमध्ये खड्डा, तर नाण्यावर उंचवटा. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे. डायला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर केसासारखी उठलेली रेघ दिसते. नखाला लागते. ही टाकसाळीची. रेघ खोल असेल तर तो ओरखडा, कुणाच्या तरी किल्लीचा. याला अपवाद आहे: दणका बसताना मध्ये दोरा किंवा धातूचा कीस आला तर त्याचा खोल ठसा उमटतो. पण तसा शंभरात एक.

डायचा कडेचा तुकडाच उडाला तर तिथे नाण्यावर नक्षी नसलेला ढेकूळ येतो, त्याला इंग्रजीत 'कड्' (cud) म्हणतात. इथे हिशोब करा. ढेकळात एवढा धातू गेला तर तो कमी कुठे पडला? नाणं उलटून नेमकी मागची जागा बघा. तिथली नक्षी पुसट असली तर खातं जुळलं. कुणी नंतर झाळण लावून ढेकूळ बसवला असेल तर मागची बाजू ठणठणीत असते आणि वजन वाढलेलं असतं.

हत्यारं

सोनाराकडचं दहापट भिंग. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा. लोहचुंबक. टेबललॅम्प, एकाच बल्बचा; ट्यूबलाइटच्या उजेडात उठाव दिसत नाही. उजेड तिरका पाडायचा आणि दिवा नाही, नाणं फिरवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी बाळगत नाही: त्याच वर्षाचं, त्याच टाकसाळीचं, तेवढंच झिजलेलं एक साधं नाणं. शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय बोलायचंच नाही.

वजनं मी काट्याच्या झाकणावर चिकटवली आहेत. १९९२ ते २००४ चा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅम. त्या काळचं अकरा बाजूंचं दोनाचं नाणं ६ ग्रॅम, जाड पाचाचं ९ ग्रॅम, ही दोन्ही तांबे-निकेलची. २०११ च्या मालिकेतला लहान रुपया ३.७९ आणि दहाचं दुरंगी ७.७१, वीसचं बारा बाजूंचं ८.५४. स्टील चुंबकाला चिकटतं, तांबे-निकेल चिकटत नाही. एखादं नाणं दुसऱ्याच नाण्याच्या चकतीवर पडलंय का, हे डोळ्यांपेक्षा काटा आणि चुंबक लवकर सांगतात. दोन-पाच सेंटिग्रॅमच्या फरकाने हुरळू नका, तेवढी सूट टाकसाळीला असते आणि झीजही असते.

आणि घासू नका. चिंच नको, राख नको, रांगोळी नको, टूथपेस्ट तर नकोच. देवळातून आलेल्या नाण्यांवर हळदी-कुंकवाचा थर असतो. तो साध्या पाण्यात भिजवून, टिपून घेतला की पुरे. घासलेल्या नाण्यावरचा पुरावाच जातो.

दोन 'भारत' दिसले म्हणजे

आता ज्यासाठी तुम्ही आलात ते. नाण्यावर अक्षरं दुहेरी दिसण्याची तीन कारणं असतात आणि त्यांतलं एकच खरं डबल डाय.

तलाठ्याचा शिक्का आठवा. कागदावर मारताना हात हलला की अक्षरं फरफटतात. पुढच्या कागदावर शिक्का नीट उमटतो, कारण दोष हाताचा होता. आता समजा, शिक्का बनवणाऱ्यानेच रबरावर अक्षरं दोनदा, जराशी सरकवून उठवली. मग तलाठी कितीही जपून मारो, प्रत्येक सातबाऱ्यावर गावाचं नाव दुहेरीच येणार. पहिलं ते मशीन डबलिंग, दुसरं ते डबल डाय.

डाय हाताने एकेक कोरत नाहीत. हब नावाचा उठावाचा पोलादी ठसा असतो, तो मऊ केलेल्या पोलादावर दाबून डाय करतात. पूर्वी एका दाबात नक्षी पूर्ण उतरत नसे. एकदा दाबलं की पोलाद कडक होई, ते तापवून पुन्हा मऊ करायचं आणि पुन्हा हब लावायचा. दुसऱ्या वेळी तो तंतोतंत बसला नाही, जरासा फिरला, तर डायवरच दोन नक्ष्या. आता एकाच दाबात काम होतं म्हणून मोठं डबलिंग दुर्मीळ झालं. पण हब किंचित तिरका टेकून मग सरळ झाला तर बारीकसं होतं, बहुधा नाण्याच्या मध्याजवळ.

याचा नमुना म्हणून जगभर दाखवतात ते १९५५ चं अमेरिकेचं एक सेंट, फिलाडेल्फिया टाकसाळीचं. लिंकनचा चेहरा जवळपास ठीक, पण साल आणि भोवतीची अक्षरं साध्या डोळ्यांना दोन दिसतात. अशी २० हजारांहून जास्त नाणी चलनात मिसळली, असा अंदाज आहे. सिगारेटच्या यंत्रातून निघणाऱ्या पाकिटाला सुटे म्हणून चिकटवलेल्या सेंटांत लोकांना ती सापडू लागली. आणखी एक गंमत: त्याच सालाच्या सेंटांत शेवटचा ५ दुहेरी भासणारी पुष्कळ नाणी आहेत. तिकडे त्यांना 'गरिबाचं डबल डाय' म्हणतात. ती डबल डाय नाहीतच, झिजलेल्या डायची आहेत. नवशिक्याला फसवायला सत्तर वर्षं पुरली ती.

मग भिंगाखाली बघायचं काय? डबल डायमध्ये दुसरी प्रतिमा पहिलीसारखीच गोलसर, भरीव आणि जवळपास तेवढ्याच उंचीची असते. अक्षर जाड झालेलं असतं, कारण डायमध्ये जास्त खोदलं गेलं आणि तिथे जास्त धातू शिरला. आणि अक्षराच्या टोकांना खाच असते, जिथे दोन प्रती एकमेकींपासून सुटतात. इंग्रजी अक्षरांत ती कोपऱ्यांवर शोधतात. आपल्याला देवनागरीची एक सोय आहे, शिरोरेषा. 'भारत' किंवा 'रुपया' या शब्दाच्या शिरोरेषेची दोन्ही टोकं बघा. सापाच्या जिभेसारखं टोक दुभंगलेलं असेल तर श्वास रोखून पुढे बघा. मग 'त'चा आणि 'र'चा पाय. हब फिरल्यामुळे झालेलं डबलिंग काठाकडे जास्त आणि मध्याकडे कमी असतं, तेही तपासा.

मशीन डबलिंगमध्ये दणका बसून झाल्यावर सैल डाय हलतो आणि नुकतंच उठलेलं अक्षर बाजूने चेपतो. नवीन धातू आलेला नसतो, असलेलाच दाबला जातो. म्हणून दुसरी प्रतिमा पायरीसारखी सपाट, जमिनीलगत आणि चकचकीत दिसते, आणि मूळ अक्षर उलट बारीक होतं. अक्षर जाड झालं की बारीक, हा प्रश्न मी आधी विचारला असता तर माझे सहाशे रुपये वाचले असते. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून दोनाचं 'डबल डाय' घेतलं होतं. घरी दिव्याखाली पाहिलं तर सुरेख पायरी! ते नाणं मी ठेवलंय, शिकवायला उपयोगी पडतं.

तिसरं कारण डायची झीज. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की टाकी लावावी लागते, नाहीतर पीठ भरड येतं आणि तापतं. टाकसाळीत डाय बदलतात, पण बदलण्याआधीची शेवटची नाणी बघा: अक्षरांचे काठ फुगलेले, भोवती धूसर सावली, आणि मोकळी जागा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत. स्टील कठीण, त्यामुळे आपल्या रुपयांत ही झीज डबाभर सापडते. तिची किंमत रुपया.

माझ्या त्या दोन नाण्यांचं सांगते. स्टीलचा रुपया होता. 'रुपया'च्या शिरोरेषेच्या डाव्या टोकाला खाच दिसली. पाकिटात घातला, वर 'शंका' लिहिलं आणि गप्प बसले. एकाच नाण्यावरून ठरवणं मला पटत नाही. दीड वर्षाने त्याच सालाचा, त्याच टाकसाळीचा दुसरा रुपया आला. तीच खाच, त्याच जागी, तेवढीच. डायचा दोष प्रत्येक नाण्यावर सारखा येतो, दणक्याचा दोष ज्या त्या नाण्यावर वेगळा. जोडी जुळली तेव्हाच पाकिटावरचा शब्द खोडला.

पुरी, मोदक आणि एक फजिती

बाकीच्या चुका ओळखायला सोप्या, पण नकली करायलाही सोप्या.

पुऱ्या कापताना वाटी आधीच्या भोकावर थोडी पडली तर पुरीला चंद्रकोरीसारखा चावा बसतो. चकतीचंही तसंच. ही क्लिप. पोळीच्या कडेवर वाटी पडली तर सरळ कापलेली क्लिप. कानशीने कडा घासून हे कोणीही करू शकतो, म्हणून बरोबर समोरचा काठ तपासा. चकतीची कड उचलताना चाव्याच्या जागी दाब मिळत नाही, त्यामुळे समोरच्या टोकालाही काठ नीट उठत नाही, पुसट राहतो. शिवाय चाव्याजवळची अक्षरं तिकडे ओढल्यासारखी, विरत गेलेली दिसतात. कानशीने कापलेलं अक्षर मात्र सुरीने कापल्यासारखं तुटतं.

मोदकाच्या साच्यात तूप-पीठ साठलं की पाकळ्या बुजतात. डायमध्ये वंगण साठलं की सालातला आकडाच गायब होतो. गुळगुळीत होऊन गेलेला आकडा आणि वंगणाने न उठलेला आकडा यांत फरक हा, की दुसऱ्यात शेजारचे आकडे तीक्ष्ण असतात. फार मोलाची चूक नाही ही, पण पहिली तीच सापडेल.

चकती नीट मध्यावर बसली नाही तर ऑफ सेंटर: एकीकडे कोरी चंद्रकोर, दुसरीकडे नक्षी कापलेली. नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच सरकलेली हवी. साल दिसत असेल तर संग्राहकांना जास्त आवडतं. आणि ब्रॉकेज: आधीचं नाणं डायला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचा ठसा उमटतो, त्यामुळे एक बाजू नेहमीची, दुसरीवर तीच नक्षी उलटी आणि खोल. हे दिसायला फार देखणं, म्हणून दोन नाणी व्हाइसच्या लोखंडी पकडीत आवळून नकली बनवतात. नकलीत उलट्या अक्षरांखाली मूळची नक्षी चेपलेली सापडते. खऱ्यात खाली काही नसतं, कारण ती बाजू आधी कोरीच होती. नाणी अशी बिघडवणाऱ्यांना सांगायला हवं, की २०११ च्या नाणे कायद्यात नाणी वितळवणं, नष्ट करणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद.

आता फजिती. डब्यात एकदा तांबे-निकेलचा जुना रुपया आला, ६ ग्रॅमवाला. व्यास हवा २६ मिमी, भरला २८. पातळ, पसरलेला, काठ नाही. वजन बरोबर ६! म्हणजे धातू कुठे गेला नाही, फक्त पसरला. कॉलर नसताना दणका बसला तर नाणं असंच पसरतं, हे वाचलेलं होतं. मी दोन दिवस हवेत. तिसऱ्या दिवशी भिंगाखाली अक्षरांच्या फटीत लाल काहीतरी दिसलं. बोटाने टिपून जिभेला लावलं, तिखट. आमच्याच मिरची कांडपाच्या डंकातून निघालं होतं ते. कॉलरविना पडलेल्या नाण्याची नक्षी मध्ये स्पष्ट असते. कुटलेल्याची सगळीकडे चेपलेली असते. मी फक्त वजन पाहिलं आणि उठाव पाहायचा विसरले. रुळावर ठेवलेली, तापवलेली, आम्लात बुडवून बारीक केलेली नाणी याच वर्गातली. आम्लातलं नाणं काट्यावर लगेच उघडं पडतं, कारण त्याचा धातू खरोखरच गेलेला असतो.

ज्या चुका नाहीत

सालाखालचं चिन्ह नीट शिका, अर्धे गैरसमज जातील. मुंबईचा पत्त्यांतल्यासारखा चौकट, हैदराबादचा पाच टोकांचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, आणि कोलकात्याला चिन्हच नाही. 'चिन्ह गायब' म्हणून कोलकात्याचं नाणं आणि 'जास्तीचा ठिपका' म्हणून नोएडाचं नाणं मला दर महिन्याला कोणीतरी दाखवायला आणतं. दहाच्या नाण्याच्या वेगवेगळ्या नक्ष्या म्हणजेही चूक नाही आणि खोटं नाणंही नाही; तोवरच्या १४ही नक्ष्या चालतात, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं. आमच्या बाजारपेठेत तरी लोक दहाचं नाणं अजून दोनदा उलटून बघतात.

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया 'डुकराचा रुपया' म्हणून गाजला. राजाच्या पोशाखावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली आणि १९१२ मध्ये हत्ती सुधारला. तिथे डाय बरोबर होता, चित्रच फसलं होतं. उलट ब्रिटनचं २००८ चं सालाविना वीस पेन्सांचं नाणं ही खरी चूक. नव्या नक्षीत साल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर नेलं आणि जुना छापा नव्या काट्याशी जोडला गेला, त्यामुळे साल कुठेच नाही. विजोड डायच्या अशा नाण्याला म्यूल म्हणतात, म्हणजे खेचर.

शिवराई मात्र या खेळातून बाहेर ठेवा. एका बाजारात मला एकाने 'श्री राजा शिव'मधलं 'श्री' अर्धं उडालेली शिवराई 'एरर' म्हणून दुप्पट भावाने दाखवली. अहो, ती हाताने घण घालून पाडलेली नाणी. तांब्याचा तुकडा बहुधा ठशापेक्षा लहान, मध्यावर बसला तर नशीब. तिच्यावर अक्षरं पूर्ण असली तर त्याचे जास्त पैसे द्यावेत.

डाय फिरलेला आहे का, हे शेवटी, कारण त्याला भिंगही लागत नाही. अशोकस्तंभ सरळ धरा, वरच्या-खालच्या टोकाला चिमटीत पकडा आणि नाणं डावीकडून उजवीकडे फिरवा. आपल्या नाण्यांची मागची बाजू सरळच यायला हवी. तिरकी आली तर रोटेशन. पंधरा अंशांपर्यंत मी लक्षच देत नाही. पाव वळसा असेल तर पाकिटात, पूर्ण उलटं असेल तर पेढे. अमेरिकेची नाणी मुळातच उलटी येतात, तेव्हा तिकडून आलेल्या पाहुण्याच्या सेंटावर ही परीक्षा करून ओरडू नका. मी ओरडले होते.

पाकीट कागदी वापरा. स्वस्त पीव्हीसीच्या प्लास्टिकमध्ये नाण्यांवर हिरवट चिकट थर धरतो. वर तारीख, वजन, चुंबकाला चिकटलं का, आणि काय वेगळं दिसलं ते स्वतःच्या शब्दांत लिहा. 'दुर्मीळ' हा शब्द लिहायचा नाही. सध्या माझ्या 'शंका'च्या पाकिटात सात नाणी आहेत. त्यांतल्या पाचाच्या एका नाण्याची जोडी मिळायची आहे, आणि उद्या रविवार आहे.